तासाला वही घ्यावी की लॅपटॉप: टिपणे काढण्याची एक पद्धत

पदवीच्या पहिल्या वर्षाला अर्थशास्त्र शिकवताना मागणीच्या प्रकरणात एक जागा दरवर्षी येते. वस्तूची किंमत बदलली आणि बाकी सारे तसेच राहिले, तर ग्राहक मागणीच्या त्याच वक्रावर, म्हणजे किंमत आणि मागणी यांचे नाते दाखवणाऱ्या रेषेवर, वर किंवा खाली सरकतो. याला मागणीतील विचलन म्हणतात आणि त्याचे विस्तार व संकोच असे दोन प्रकार होतात. किंमत तीच राहून ग्राहकाचे उत्पन्न, आवडनिवड किंवा लोकसंख्या बदलली, तर मात्र अख्खा वक्रच उजवीकडे किंवा डावीकडे सरकतो. तो मागणीतील बदल, म्हणजे वृद्धी किंवा ऱ्हास. हे सांगून झाले की मी बाकांमधून एक फेरी मारते. लॅपटॉप उघडून बसलेल्यांच्या पडद्यावर माझी वाक्ये बहुतेक जशीच्या तशी उतरलेली असतात, मात्र फळ्यावरचा वक्र तेथे नसतो. एखाद्या वहीत दोन लहान आकृत्या आणि त्यांखाली एवढेच असते: ‘किंमत बदलली, तर त्याच रेषेवर, दुसरे काही बदलले, तर रेषाच हलते.’ परीक्षेत ‘फरक स्पष्ट करा’ असा प्रश्न आला, तर यांपैकी कोणाचे उत्तर आधीच अर्धे तयार आहे, हे वेगळे सांगायला नको.

मात्र त्याच फेरीत अशाही वह्या दिसतात, ज्यांत तिरक्या, धावत्या अक्षरात माझे प्रत्येक वाक्य पकडण्याची धडपड असते आणि शेवटची तीन वाक्ये अर्धवट तुटलेली असतात. ती वही आणि तो लॅपटॉप यांची चूक एकच आहे. काय लिहायचे नाही, हे दोघांनीही ठरवलेले नसते. म्हणून या लेखात साधनाची निवड कशी करावी हे तर सांगितले आहेच, पण निवडलेल्या साधनावर टिपण कसे काढावे याला अधिक जागा दिली आहे.

प्रयोगांतून काय दिसले

या विषयावर सर्वांत जास्त बोलला गेलेला प्रयोग २०१४ साली पाम म्युलर आणि डॅनिएल ओपेनहायमर या अमेरिकी संशोधकांनी प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना ध्वनिचित्रित व्याख्याने दाखवून काहींना लॅपटॉपवर व काहींना हाताने टिपणे काढायला सांगितले होते. लॅपटॉपवाल्यांनी शब्द जास्त लिहिले, ते वक्त्याच्या तोंडचे शब्दच अधिक प्रमाणात लिहिले, आणि संकल्पना विचारणाऱ्या प्रश्नांत ते मागे पडले. शब्दशः उतरवू नका अशी आधी सूचना देऊनही त्यांची सवय फारशी सुटली नाही. यावरून ‘लेखणी श्रेष्ठ’ असा निकाल अनेकांनी देऊन टाकला. पुढे २०२१ साली अमेरिकेतल्याच टफ्ट्स विद्यापीठातील गटाने हाच प्रयोग पुन्हा करून पाहिला, तेव्हा शब्दांची संख्या आणि शब्दशः नक्कल यांतला फरक पुन्हा दिसला, पण चाचणीच्या गुणांत म्हणावा असा फरक आढळला नाही. तेव्हा हाताने लिहिले म्हणजे आपोआप समजते, असे मानून चालू नये. टंकलेखनात नक्कल करण्याकडे ओढ असते, इतके मात्र दोन्ही वेळा दिसले आहे, आणि उपायही त्या ओढीवरच करायला हवा.

दुसरा मुद्दा लक्ष विचलित होण्याचा आहे, आणि माझ्या मते तोच अधिक भारी आहे. कॅनडातील २०१३ च्या एका प्रयोगात व्याख्यान चालू असताना लॅपटॉपवर इतर कामे करणाऱ्यांचे गुण तर घटलेच, पण ज्यांना शेजाऱ्याचा तसा पडदा नजरेत येत होता, त्यांचे गुण तो पडदा न दिसणाऱ्यांपेक्षा सुमारे १७ टक्क्यांनी कमी पडले, आणि हे विद्यार्थी स्वतः कागदावर लिहीत होते. अमेरिकेच्या वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीत अर्थशास्त्राच्या प्राथमिक अभ्यासक्रमाच्या काही तुकड्यांना लॅपटॉप व टॅब्लेटची मुभा देऊन, काहींना ती नाकारून आणि काहींना टॅब्लेट बाकावर सपाट ठेवण्याच्या अटीवर देऊन अंतिम परीक्षेचे गुण ताडून पाहिले गेले. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात मुभा असलेल्यांचे गुण घसरलेले दिसले, आणि टॅब्लेट सपाट ठेवण्याच्या अटीनेही फारसे भागले नाही. शिस्तीसाठी नावाजलेल्या संस्थेत ही गत असेल, तर आपल्या वर्गात शेवटच्या बाकावर काय चालते याची कल्पना करावी.

निवड करण्यापूर्वी

वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येक विषयासाठी वेगळा विचार करावा; सगळ्या विषयांना एकच साधन लावण्याचा हट्ट धरू नये. ज्या विषयात आकृत्या, समीकरणे, रासायनिक सूत्रे, नकाशे किंवा आलेख येतात, त्याला कागद किंवा पेनने लिहिता येणारा टॅब्लेट हवा, कारण कळफलकावर वक्र काढता येत नाही आणि शिक्षकांचा हात फळ्यावर फिरत असताना चिन्हांच्या यादीत बेरजेचे चिन्ह शोधत बसणाऱ्याचा धागा तुटतो. संगणकीय आज्ञावली किंवा तक्त्यांवर आधारित संख्याशास्त्र शिकवले जात असेल, तर लॅपटॉप हेच कामाचे साधन असते आणि तेथे वहीचा आग्रह धरणे हास्यास्पद होईल. इतिहास, साहित्य, कायदा अशा शब्दप्रधान विषयांत दोन्ही चालतात, आणि नेमक्या याच विषयांत नक्कल करण्याचा मोह सर्वाधिक असतो.

त्यानंतर परीक्षा कशी होणार हे पाहावे. बारावीची मंडळाची परीक्षा आणि बहुतेक विद्यापीठांच्या लेखी परीक्षा आजही हातानेच लिहाव्या लागतात. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत तीन-तीन तासांचे नऊ पेपर असतात, आणि महाराष्ट्र लोकसेवा आयोगानेही राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक केली आहे. वर्षभर केवळ बोटांनी टंकलेखन करून एकदम तीन तास लिहायला बसलेल्या हाताचे दुसऱ्या तासाला काय होते, हे मी पर्यवेक्षक म्हणून पाहिले आहे. उत्तरपत्रिकेच्या पहिल्या आणि शेवटच्या पानावरचे अक्षर एकाच व्यक्तीचे वाटत नाही. एमएचटी-सीईटी किंवा जेईई संगणकावर होतात हे खरे, परंतु तेथेही उदाहरण कच्च्या कागदावरच सोडवायचे असते.

तिसरी बाब भाषेची आहे आणि तिच्याकडे सहसा कोणी पाहत नाही. राज्य शासनाच्या लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठी टंकलेखनाचा मिनिटाला ३० शब्द इतका वेग मागितला जातो, आणि तो मिळवण्यासाठी उमेदवार काही महिने शिकवणी लावतात. शिक्षक बोलतात त्याच्या कितीतरी पट वेगाने. मराठीतून शिकणारा विद्यार्थी तासाला लॅपटॉपवर लिहू लागला की त्याला धड शब्दशः उतरवता येत नाही आणि जोडाक्षरांशी झटापट करण्यात विचारही करता येत नाही. वर दिलेला ‘ऱ्हास’ हाच शब्द घ्या: साध्या ‘र’ला हलन्त देऊन ‘ह’ जोडला की ‘र’ ‘ह’च्या डोक्यावर रफार होऊन बसतो. ते टाळण्यासाठी नुक्ता, म्हणजे खाली टिंब, असलेला ‘ऱ’ लागतो, जो इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांसाठीच्या प्रमाण कळफलकावर शिफ्ट दाबून ‘जे’ची कळ दाबल्यावर मिळतो. हे ज्याला तासापूर्वी ठाऊक नाही, त्याचे पुढचे दोन मुद्दे निसटतात.

शेवटी ज्यांना पर्यायच नाही अशांचा विचार. हाताने लिहिताना त्रास होणारे, अध्ययन अक्षमता किंवा दृष्टिदोष असलेले विद्यार्थी यांच्यासाठी अक्षर मोठे करता येणारा, मजकूर वाचून दाखवणारा लॅपटॉप ही गरज असते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत अध्ययन अक्षमतेचाही समावेश आहे. म्हणून वर्गात सरसकट बंदी घालणाऱ्या सहकाऱ्यांशी माझे पटत नाही; बंदीतून एखाद्यालाच वगळले, तर त्याची अडचण साऱ्या वर्गासमोर उघडी पडते.

वहीत टिपण कसे काढावे

दोनशे पानी लाँग बुक किंवा फुलस्केप कागद घ्यावा. छापील समास फारच अरुंद असतो, म्हणून डावीकडे चार बोटे जागा सोडून पट्टीने एक उभी रेघ मारावी आणि पानाच्या तळाशी पाच-सहा ओळी मोकळ्या ठेवाव्यात. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचे वॉल्टर पॉक यांनी रूढ केलेली ही मांडणी त्या विद्यापीठाच्या नावाने ओळखली जाते. तासाला फक्त उजवीकडच्या मोठ्या भागात लिहायचे; समास आणि तळ संध्याकाळसाठी राखून ठेवायचे. वरच्या कोपऱ्यात दिनांक, विषय आणि प्रकरण लिहावे व पानांना क्रमांक द्यावेत. वहीची पहिली दोन पाने कोरी ठेवून तेथे अनुक्रमणिका भरत जावी, कारण कागदाची खरी उणीव शोधण्यात आहे आणि ती अनुक्रमणिकेने पुष्कळ भरून निघते.

शिक्षक बोलत असताना लगेच लिहू नये, हा नियम सुरुवातीला अवघड जातो. एक मुद्दा पुरता होईपर्यंत ऐकावे, आणि ते उदाहरणाकडे किंवा पुढच्या मुद्द्याकडे वळले की त्या अवधीत तो मुद्दा स्वतःच्या सात-आठ शब्दांत उतरवावा. व्याख्या, सूत्रे, कायद्याची कलमे, तारखा आणि कवितेच्या ओळी मात्र शब्दशःच घ्याव्यात. तेथे स्वतःचे शब्द घालण्यात शहाणपणा नाही. फळ्यावर लिहिलेले जवळजवळ सारे घ्यावे, तोंडी सांगितलेले निवडून घ्यावे, आणि शिक्षकांनी दुसऱ्यांदा सांगितलेल्या गोष्टीपुढे खूण करावी. काही कळले नाही, तर तेथे प्रश्नचिन्ह काढून दोन ओळी सोडाव्यात आणि पुढे जावे. कळले नाही म्हणून तेथेच अडून बसणारा विद्यार्थी पुढची दहा मिनिटे गमावतो.

वेग वाढवायचा, तर लघुरूपे ठरवून घ्यावीत. मराठीला ही गोष्ट नवी नाही. ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’ एवढा मायना आपल्या आजोबांची पिढी ‘सा. न. वि. वि.’ या चार अक्षरांत उरकत असे, आणि मुक्काम व पोस्ट आपण आजही ‘मु. पो.’ असेच लिहितो. मोडी लिहिणारे तर आधी पानभर शिरोरेषा आखून घेत आणि मग लेखणी शक्य तितकी न उचलता अक्षरे लिहीत जात. टिपणांत आपणही शिरोरेषा सोडून द्यायला हरकत नाही. त्याने बराच वेळ वाचतो आणि वाचताना फार अडत नाही. अर्थशास्त्रात मी मागणीसाठी ‘मा’, पुरवठ्यासाठी ‘पु’, किमतीसाठी ‘किं’, वाढ व घट यांसाठी वर-खाली बाण, ‘म्हणून’साठी भूमितीतली तीन टिंबे असे सुचवते. लघुरूपांची यादी वहीच्या आतल्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवावी, नाहीतर परीक्षेच्या आदल्या रात्री ‘उ’ म्हणजे उत्पन्न, उत्पादन की उपभोग, हा पेच पडतो.

आकृती काढताना अक्षांना नावे देणे सोडू नये. वक्राचा आकार लक्षात राहतो, पण उभ्या अक्षावर किंमत होती की मागणी, हे विसरले जाते.

लॅपटॉप वापरायचाच असेल, तर

तास सुरू होण्यापूर्वी इंटरनेट बंद करावे, केवळ सूचनांचे आवाज बंद करून भागत नाही. लिहिण्याची खिडकी पूर्ण पडदाभर उघडावी. बसताना मागच्या किंवा कडेच्या बाकावर बसावे, म्हणजे आपल्या पडद्याचा उजेड दुसऱ्याच्या नजरेत येत नाही. कॅनडातला प्रयोग लक्षात घेतला, तर हा केवळ सभ्यतेचा प्रश्न उरत नाही. बॅटरी घरूनच भरून आणावी, कारण आपल्याकडच्या बहुतेक वर्गांत बाकाजवळ प्लग नसतो आणि तारा ओढण्यात पहिली पाच मिनिटे जातात.

नक्कल रोखण्यासाठी स्वतःवर एक बंधन घालून घ्यावे: एका मुद्द्याला एकच ओळ, आणि तासाभराचे टिपण पडद्याच्या दोन पानांपलीकडे जाता कामा नये. मराठीत लिहायचे असल्यास युनिकोडच वापरावे. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये लिहिलेला मजकूर दुसऱ्या यंत्रावर अगम्य चिन्हांत बदलतो आणि त्यात शोधही घेता येत नाही. उच्चारानुसार रोमन अक्षरांतून मराठी उमटवणारे कळफलक शिकायला सोपे आहेत, पण ते अधूनमधून शब्दांचे पर्याय पुढे करतात आणि डोळा फळ्यावरून पडद्यावर खेचला जातो; ज्याला तीन-चार वर्षे हेच करायचे आहे, त्याने उन्हाळ्याच्या सुटीत इनस्क्रिप्ट शिकून घेणे फायद्याचे ठरेल. शेजारी एक कोरा कागद ठेवावा. आकृती आली की लॅपटॉपवर ‘आकृती १’ एवढेच लिहून ती कागदावर काढावी आणि घरी गेल्यावर तिचे छायाचित्र त्या जागी चिकटवावे. धारिकेचे नाव वर्ष, महिना, दिवस आणि विषय या क्रमाने द्यावे, म्हणजे यादी आपोआप कालक्रमाने लागते. दुसऱ्या जागी प्रत ठेवण्याचे काम आठवड्याचा एक वार ठरवून करावे. एका विद्यार्थ्याचा लॅपटॉप सहामाहीच्या पंधरा दिवस आधी बंद पडला आणि त्याची सारी टिपणे गेली, तेव्हा त्याला मैत्रिणीच्या वहीच्या छायाप्रती काढाव्या लागल्या होत्या.

पेनने लिहिता येणारा टॅब्लेट या दोहोंच्या मधला आहे. त्यावर आकृती काढता येते, शिक्षकांनी आधी पाठवलेल्या पीडीएफवरच बाजूला लिहिता येते, आणि ओझे कमी होते. विकत घेण्यापूर्वी दुकानात तळहात पडद्यावर टेकवून ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ लिहून पाहावेत. तळहाताच्या स्पर्शाने रेघोट्या उमटत असतील किंवा अक्षर पेनाच्या मागून रेंगाळत येत असेल, तर ते यंत्र तासाला उपयोगाचे नाही. रबरी टोकाच्या स्वस्त पेनने लिहिणे म्हणजे खडूने पोस्टकार्ड लिहिण्यासारखे आहे. प्रवेशपरीक्षांच्या तयारीसाठी ‘महाज्योती’सारख्या संस्थेकडून टॅब मिळालेल्या विद्यार्थ्यांनी त्यावर व्याख्याने पाहावीत आणि टिपणे शेजारी वही ठेवून काढावीत, पडद्याचे दोन भाग करून एकात पाहणे आणि दुसऱ्यात लिहिणे लहान टॅबवर जमत नाही.

फळ्याचे छायाचित्र घेण्याबद्दल आणि ध्वनिमुद्रणाबद्दल थोडक्यात. दोन्हींसाठी शिक्षकांची परवानगी घ्यावी. छायाचित्र त्याच संध्याकाळी टिपणात लावले नाही, तर ते वाढदिवसाच्या फोटोंखाली गाडले जाते. बोलणे आपोआप लिहून देणारी साधनेही आता आली आहेत. आमच्यासारखे मराठी-इंग्रजी मिसळून शिकवणारे शिक्षक त्यांना गोंधळात टाकतात हा भाग सोडला, तरी त्यांच्याकडून मिळतो तो भाषणाचा मजकूर. त्यातून टिपण काढण्याचे काम तसेच शिल्लक राहते.

त्याच संध्याकाळी

साधन कोणतेही असो, खरे काम येथे आहे. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली निरर्थक अक्षरगटांच्या पाठांतरावर स्वतःवरच प्रयोग करून दाखवले की विसरण्याचा वेग पहिल्या काही तासांत सर्वांत जास्त असतो आणि पुढे तो मंदावतो. म्हणून तासानंतर चोवीस तासांच्या आत पंधरा मिनिटे काढावीत. डाव्या समासात प्रत्येक मुद्द्यासमोर त्याचे उत्तर येईल असा प्रश्न लिहावा: ‘वक्र केव्हा सरकतो?’, ‘संकोच आणि ऱ्हास यांत फरक काय?’ तळाच्या ओळींत साऱ्या पानाचे सार दोन वाक्यांत लिहावे. नंतर उजवा भाग दुसऱ्या कागदाने झाकून केवळ प्रश्नांवरून उत्तरे आठवावीत. पुन्हा वाचण्याने ओळख पटते आणि ती ओळख आपल्याला येते आहे असा भास निर्माण करते. न पाहता आठवण्याने तो भास लगेच उघडा पडतो. लॅपटॉपवर हेच करायचे असेल, तर दोन रकान्यांचा तक्ता करून उत्तरांचा रकाना पांढऱ्या अक्षरांत ठेवावा.

लॅपटॉपची खरी जागा मला येथे वाटते. आठवड्यातून एकदा, रविवारी सकाळी, वहीतील चार-पाच तासांचे टिपण एका पानात टंकलिखित करावे. ते वहीतून उतरवून काढू नये. आधी आठवून लिहावे आणि मग वहीशी ताडावे. सत्राअखेरीस प्रत्येक विषयाची पंधरा-सोळा पाने तयार होतात, ती शोधता येतात, मित्राला पाठवता येतात आणि छापून घेता येतात. हाताचे आणि यंत्राचे गुण अशा रीतीने वेगवेगळ्या वेळी वापरले, तर त्यांच्यात भांडण लावण्याची गरज पडत नाही.

यातले काहीच पटत नसेल, तर स्वतःवर पंधरा दिवसांचा प्रयोग करून पाहावा. एकच विषय आणि एकच शिक्षक घ्यावेत. एक तास वहीवर, दुसरा लॅपटॉपवर, असे आलटून-पालटून सहा तास करावेत. प्रत्येक तासानंतर तिसऱ्या दिवशी, टिपण न उघडता, कोऱ्या कागदावर दहा मिनिटांत जे आठवेल ते लिहावे आणि मग टिपणाशी ताडून किती मुद्दे आले, किती चुकले आणि आकृती जमली का, हे मोजावे. सहाही कागदांवर तारीख आणि साधन लिहून ते एकत्र टाचून ठेवावेत, कारण पुढच्या सत्रात विषय बदलले की हीच मोजणी पुन्हा करावी लागेल.